‘अब्दुल्लाह’ म्हणजे नेमके कोण?

मोहल्ल्यात कुणी येऊन "शेखसाहेबांचं घर कुठे?" असं विचारलं, की आपण उलट विचारतो, "कोणते शेखसाहेब?" मग वडिलांचं नाव, गल्ली, धंदा असं करत करत माणूस सापडतो. हदीसच्या किताबांतही अगदी असंच आहे. फरक इतकाच, की तिथे चुकीच्या दारात गेलं तर दीनची बात बदलू शकते.

‘अब्दुल्लाह’ हेच नाव घ्या. इब्ने सलाह (वफात हिजरी 643) यांनी या नावाचे सुमारे 220 सहाबा सांगितले आहेत. त्यातले चार जण ‘अबादिला’ म्हणून ओळखले जातात: अब्दुल्लाह इब्ने उमर, इब्ने अब्बास, इब्ने जुबैर आणि इब्ने अम्र (रजि.). घरोघरी नाव घेतले जाणारे हजरत इब्ने मसऊद (रजि.) या चौघांत नाहीत, याचं पुष्कळांना आश्चर्य वाटतं. इल्म कमी होतं म्हणून नव्हे हो! त्यांची वफात हिजरी 32 च्या सुमारास, म्हणजे लवकर झाली. हे चौघे पुढे बरीच वर्षं हयात राहिले आणि नव्या पिढीला मसले विचारायला त्यांच्याकडेच जावं लागलं.

मग सनदमध्ये नुसतं ‘अब्दुल्लाह’ आलं तर? जुन्या उलेमांनी सांगितलेला हिशोब आपल्या गल्लीसारखाच आहे. बोलणारा मदिनेचा असेल तर इब्ने उमर, कूफ्याचा असेल तर इब्ने मसऊद, बसऱ्याचा असेल तर इब्ने अब्बास. खुरासानमध्ये मात्र हे नाव घेतलं की इब्ने मुबारक समजायचे, आणि ते तर सहाबी नाहीत, बरेच नंतरचे आहेत. मक्केबद्दल एकमत नाही. कुणी इब्ने जुबैर म्हणतं, कुणी इब्ने अब्बास.

दुसरी खूण उस्ताद-शागिर्दाची. ‘सुफियान’ नावाचे दोन मोठे इमाम एकाच जमान्यात होते: सुफियान सौरी (वफात 161) आणि सुफियान बिन उयैना (वफात 198). दोघेही भरवशाचे, त्यामुळे गल्लत झाली तरी नुकसान थोडं. पण एकाच नावाचे दोन रावी, त्यात एक पक्का आणि दुसरा कमजोर असेल, तर मोठी पंचाईत. कमजोर माणसाची बात पक्क्याच्या नावावर खपून जाईल, नाहीतर खरी रिवायत उगीच फेकली जाईल. म्हणूनच खतीब बगदादी (वफात 463) यांनी फक्त एकसारख्या नावांच्या रावींवर ‘अल-मुत्तफिक वल-मुफ्तरिक’ ही अख्खी किताब लिहिली. आजकाल मोबाइलवर "हजरत अब्दुल्लाह फरमाते हैं" एवढंच लिहून मेसेज फिरतात. पाठवणाऱ्याला विचारून बघा, कोणते अब्दुल्लाह? बहुतेकदा जवाब येत नाही.

आता सहीह बुखारीतली पहिलीच, नियतवाली हदीस काढा. इमाम बुखारींचे उस्ताद हुमैदी, त्यांचं स्वतःचं नाव अब्दुल्लाह बिन जुबैर! पण हे हिजरी 219 मध्ये वफात पावलेले आलिम, हिजरी 73 मध्ये मक्केत शहीद झालेले सहाबी नव्हेत. हुमैदी ज्यांच्याकडून सांगतात ते नुसते ‘सुफियान’. हुमैदी मक्केचे आणि इब्ने उयैनांचे जुने शागिर्द, म्हणून इथे इब्ने उयैनाच. त्यांच्या पुढे यह्या बिन सईद. या नावाचेही दोन मशहूर रावी, एक अन्सारी, दुसरे कत्तान. इथे मात्र शोधाशोध करावी लागत नाही, कारण सनदमध्ये नावापुढे ‘अन्सारी’ असं साफ लिहिलेलं आहे.