कामाच्या पद्धतीचेही मॉडेल

कर्करोगावर किरणोपचार देणाऱ्या ‘थेरॅक-२५’ या यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली. त्यांतील काही दगावले. टेक्सासमधील दोन अपघातांचे कारण विचित्र होते. यंत्रचालकाने चुकलेली नोंद झपाट्याने सुधारली, की पडद्यावर ती बरोबर दिसे. आतली मांडणी मात्र जुन्याच नोंदीनुसार होई.

हाच दोष आधीच्या ‘थेरॅक-२०’ यंत्रातही होता. पण तिथे सॉफ्टवेअरवर विसंबून नसलेली स्वतंत्र सुरक्षाव्यवस्था होती. गडबड होताच फ्यूज उडत असे. नव्या यंत्रात तिची जबाबदारी सॉफ्टवेअरवर टाकली गेली. जुना प्रोग्रॅम नव्या यंत्रात नेताना धोक्यांचा पुरेसा फेरविचार झाला नाही. म्हणजे, प्रोग्रॅमइतकीच तो तयार करण्याची पद्धतही सदोष होती.

आज वैद्यकीय सॉफ्टवेअरसाठी ‘आयईसी ६२३०४’ हे २००६ मध्ये आलेले आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात ए, बी आणि सी असे तीन वर्ग आहेत. ज्या सॉफ्टवेअरच्या बिघाडाने मृत्यू किंवा गंभीर इजा होऊ शकते, ते सी वर्गात येते. तिथे प्रत्येक लहान घटकाचा तपशीलवार आराखडा सक्तीचा असतो. ए वर्गात तो लागत नाही. मात्र असे नियम जाडजूड पुस्तिकेत पडून राहिले, तर घाईच्या वेळी एखादी पायरी गळते.

यावर उपाय म्हणून पद्धतीचेच मॉडेल तयार करतात. घराच्या नकाशात खोल्या आणि दारे असतात, तशी यात कामे, ती करणाऱ्या भूमिका आणि त्यांतून तयार होणारे दस्तावेज असतात. असे मॉडेल कसे मांडावे, याची ‘एसपीईएम’ ही प्रमाणित भाषा आहे. तिची दुसरी आवृत्ती २००८ मध्ये आली. मॉडेल संगणकाला वाचता येत असल्याने त्यातून कामांची यादी आणि दस्तावेजांचे नमुने आपोआप तयार करता येतात. ‘धोक्यांचे विश्लेषण झाल्याशिवाय चाचणीला मंजुरी नाही’ असा नियम त्यात घातला, की सुटलेली पायरी संगणकच दाखवतो. प्रकल्प सी वर्गातला असेल तर जादा कामे आपसूक जोडली जातात. नियम बदलला, तर मॉडेलमध्ये एकदाच बदल करायचा.

याला मर्यादाही आहे. विश्लेषणाचा कागद आहे की नाही, हे संगणक सांगेल. तो विचारपूर्वक लिहिला आहे का, हे माणसालाच पाहावे लागते. थेरॅकच्या पहिल्या तक्रारींकडेही पुरेशा गांभीर्याने पाहिले गेले नव्हते. अतिदक्षता विभागात थेंब मोजून औषध सोडणारा पंप असो वा हृदयाचा पेसमेकर, आपला भरवसा ते बनवणाऱ्यांच्या शिस्तीवरही असतो.