क्लाडा अंगठी

क्लाडा अंगठी ही आयर्लंडमधील पारंपरिक अंगठी असून ती चांदीत किंवा सोन्यात घडवितात. गॉलवे शहरालगतच्या क्लाडा या जुन्या कोळीवाड्यावरून तिला हे नाव मिळाले. दोन हातांनी धरलेले हृदय व त्यावर मुकुट अशी तिची घडण असते. हात मैत्रीचे, हृदय प्रेमाचे, तर मुकुट निष्ठेचे प्रतीक मानतात. उजव्या हातात हृदयाचे टोक मनगटाकडे असल्यास मन गुंतलेले, बोटाच्या टोकाकडे असल्यास मोकळे, असा संकेत रूढ आहे.

अल्जीरियातील गुलामगिरीतून सुटून आलेल्या रिचर्ड जॉइस या सोनाराने ती प्रथम घडविली, अशी आख्यायिका आहे. त्याची मुद्रा असलेल्या इ.स. १७०० च्या सुमाराच्या अंगठ्या उपलब्ध आहेत. तथापि, हातात हात गुंफलेल्या अंगठ्या रोमन काळापासून युरोपभर प्रचलित होत्या. त्यामुळे हिला ‘प्राचीन केल्टिक’ म्हणणे ही विक्रेत्यांची हौसच म्हणावी लागेल.