नैराश्यासह जगताना कार्यक्षमता : वसई-विरार परिसरातील नोकरदारांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

वसई-विरार परिसराचे स्वरूप गेल्या तीन-चार दशकांत आमूलाग्र बदलले आहे. केळीच्या बागा, पानवेली, फुलशेती आणि अर्नाळा ते नायगाव किनाऱ्यावरील कोळीवाडे यांच्या जोडीला येथे मोठा नोकरदार वर्ग स्थिरावला. ३ जुलै २००९ रोजी येथे महानगरपालिका अस्तित्वात आली आणि २०११ च्या जनगणनेनुसार तिच्या क्षेत्राची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. यांतील असंख्य स्त्री-पुरुष रोज उपनगरी गाडीने मुंबईकडे जातात. अनेक जण वालीव, सातिवली, गोखिवरे येथील औद्योगिक वसाहतींत काम करतात. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. जाण्यायेण्यात रोजचे तीन-चार तास घालविणाऱ्या या वर्गाच्या शारीरिक थकव्याची चर्चा होते. त्याच्या मनाच्या आजाराविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

पाय मोडलेला सहकारी कामावर आला तर आपण त्याला बसावयास खुर्ची देतो. नैराश्याने ग्रासलेला सहकारी आला तर ‘हल्ली याचे कामात लक्ष नाही’ असा शेरा मारतो. नैराश्याच्या रुग्णास उपचारांइतकीच आपल्या नोकरीची चिंता असते, कारण घराचा हप्ता आणि मुलांचे शिक्षण त्या नोकरीवर अवलंबून असते. म्हणूनच ‘आजार असताना काम कसे टिकवावे?’ हा प्रश्न केवळ वैद्यकीय न राहता सामाजिक व आर्थिक ठरतो.

उद्दिष्टे :

१) नैराश्याचा कार्यक्षमतेवर होणारा परिणाम समजून घेणे.
२) आजारासह काम करताना उपयोगी पडणाऱ्या उपायांचे विवेचन करणे.
३) आस्थापनांची जबाबदारी व संबंधित कायदेशीर तरतुदी स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून त्यासाठी प्रकाशित अहवाल, संशोधन व अधिनियम या द्वितीयक साधनांचा आधार घेतला आहे. एका ठिकाणी लेखकाने स्वतःच्या अनुभवाचाही उल्लेख केला आहे.

नैराश्य : संकल्पना

दुःख आणि नैराश्य यांत फरक आहे. दुःखास बहुधा कारण असते आणि ते काळानुरूप ओसरते. नैराश्य या आजारात मनाची खिन्नता किंवा कोणत्याही गोष्टीत रस न वाटणे ही अवस्था दिवसाचा बहुतांश काळ, जवळजवळ रोज आणि किमान दोन आठवडे टिकते. तिच्या जोडीला झोप व भूक बिघडणे, थकवा, एकाग्रता कमी होणे, अकारण अपराधी वाटणे, स्वतःस निरुपयोगी समजणे आणि मृत्यूचे विचार येणे ही लक्षणे दिसतात.

बंगळूरु येथील निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यानुसार प्रौढांपैकी सुमारे ५ टक्के व्यक्तींना आयुष्यात केव्हा तरी नैराश्याचा आजार झालेला आढळला, तर सुमारे ८५ टक्के नैराश्यग्रस्त उपचारांपासून दूर असल्याचे दिसून आले. या १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. तथापि उपचारांविषयीची उदासीनता आपल्याकडे वेगळी असेल असे मानण्यास कारण दिसत नाही.

कामावर होणारा परिणाम :

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य व चिंताविकार यांमुळे जगात दरवर्षी सुमारे १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात. परंतु गैरहजेरी हा या प्रश्नाचा केवळ दृश्य भाग होय. कर्मचारी हजर असतो, मेजावर फाईल उघडी असते, मात्र काम पुढे सरकत नाही, ही अवस्था हजेरीपटावर कधीच उमटत नाही.

याचे कारण आजाराच्या स्वरूपात आहे. नैराश्यात लक्ष एकवटणे, लक्षात ठेवणे आणि निर्णय घेणे या बौद्धिक क्रिया मंदावतात. साधे पत्र लिहावयाचे तरी सुरुवात कोठून करावी हे उमगत नाही. मन काहीसे सावरल्यावरही ही मंदता काही काळ रेंगाळू शकते. काही रुग्णांत सकाळी लक्षणे अधिक तीव्र असतात. रात्री झोप नाही, पहाटे अंथरुणातून उठवत नाही आणि ठरलेली लोकल मात्र गाठावयाची आहे, असा पेच आपल्या परिसरातील रुग्णापुढे रोज उभा राहतो. गाडी चुकली की ‘आपण नालायक आहोत’ या विचारास पुरावा मिळाल्यासारखे वाटते आणि दिवस सुरू होण्यापूर्वीच हरल्याची भावना बळावते.

येथे एक मुद्दा अधोरेखित करावासा वाटतो. नैराश्यात माणसाचे ज्ञान व कौशल्य नाहीसे होत नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट अवघड होते. सर्वाधिक कठीण असतो तो कामाचा आरंभ. म्हणून मदतही आरंभापाशीच मिळावयास हवी. ‘मन घट्ट करा’ हा सल्ला येथे निष्फळ ठरतो, कारण ज्या मनाने घट्ट व्हावयाचे तेच आजारी असते.

एक अनुभव :

प्रस्तुत लेखकाने सेवेच्या प्रारंभी काही वर्षे तासिका तत्त्वावर अध्यापन केले. घेतलेल्या तासाचेच मानधन मिळत असल्याने आजारपणाची रजा ही कल्पनाच त्या व्यवस्थेत नव्हती. त्या काळातील एका वर्षी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घरी तीन आठवडे न सोडलेल्या दोरीसह पडून राहिला. वर्गात नैराश्याची लक्षणे फळ्यावर लिहून देणारा अध्यापक स्वतःची लक्षणे मात्र ओळखू शकला नाही. ती पत्नीने ओळखली. उपचार सुरू झाल्यावर डॉक्टरांनी पहिल्या आठवड्यात केवळ गठ्ठ्याची दोरी सोडून ठेवावी, नंतर एका बैठकीत पाचच उत्तरपत्रिका तपासाव्यात, असे सुचविले. हा सल्ला प्रथम अपमानास्पद वाटला. गठ्ठा संपला तो मात्र त्याच मार्गाने. ज्येष्ठ सहकाऱ्यांना सांगण्याचे धैर्य त्या वेळी झाले नाही. काम वेळेवर न झाल्याचा ठपका आला, तोही निमूटपणे स्वीकारला. विषयाचे गांभीर्य पुस्तकाबाहेर कसे असते हे कळावे, एवढ्याच हेतूने हा उल्लेख केला आहे.

गोव्यातील प्रयोग :

वरील सल्ल्यामागे शास्त्रीय आधार आहे. मन प्रसन्न झाल्यावर आपण काम करू, असे रुग्णास वाटते. प्रत्यक्षात कृती कमी झाल्याने समाधानाचे क्षण कमी होतात, त्यामुळे मन अधिक खचते आणि कृती आणखी घटते. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडणाऱ्या उपचारास वर्तनात्मक सक्रियता असे म्हणता येईल.

आपल्या शेजारच्या गोव्यात या पद्धतीचा महत्त्वपूर्ण प्रयोग झाला. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेशी संबंधित डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत सुमारे ५०० नैराश्यग्रस्त प्रौढांवर अभ्यास केला. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. समाजातीलच सर्वसाधारण व्यक्तींना त्यासाठी प्रशिक्षण दिलेले होते. सहा ते आठ भेटींत ते रुग्णास लहान-लहान कृती ठरविण्यास व पार पाडण्यास साहाय्य करीत. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्या गटातील ६४ टक्के, तर केवळ नेहमीची सुधारित सेवा मिळालेल्या गटातील ३९ टक्के रुग्ण आजारातून सावरलेले आढळले. समुपदेशन मिळालेल्या रुग्णांचे कामाविना जाणारे दिवसही घटले, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष मोलाची आहे. हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

कार्यक्षमता टिकविण्याचे उपाय :

१) उपचारांस प्राधान्य : पुढील सर्व उपाय उपचारांस पूरक आहेत, पर्यायी नाहीत. औषधांचा गुण दिसण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. बरे वाटू लागल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागतात. डॉक्टरांना न विचारता ती मध्येच बंद करू नयेत. औषधांमुळे गुंगी येत असल्यास यंत्रावर काम करणाऱ्या कामगाराने किंवा वाहनचालकाने ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

२) कामाचे विभाजन : ‘अहवाल पूर्ण करणे’ हे काम न मानता ‘अहवालाचे शीर्षक लिहिणे’ हे काम मानावे. पहिली पायरी दहा मिनिटांत होण्याजोगी असावी.

३) वेळेची निवड : दिवसातील ज्या काळात मन तुलनेने हलके असते, त्या काळासाठी अवघड काम राखून ठेवावे. नोंदी करणे, कागद लावणे यांसारखी कामे उरलेल्या वेळेत करावीत.

४) लेखी आधार : स्मरणशक्तीवर विसंबू नये. वरिष्ठांच्या तोंडी सूचना लगेच वहीत टिपाव्यात व शक्य तेथे त्यांची खातरजमा करून घ्यावी. दिवसअखेर झालेल्या कामांचीही नोंद ठेवावी. आजारी मन झालेले काम विसरते आणि राहिलेले तेवढे मोजते.

५) दिनक्रम : उठण्याची व निजण्याची वेळ शक्यतो एकच ठेवावी. सकाळचा प्रकाश व चालणे उपकारक असते. स्थानकापर्यंतचे अंतर झेपेल तेव्हा पायी कापणे, हा येथील नोकरदारास परवडणारा व्यायाम आहे. मद्याने झोप व मन दोन्ही बिघडतात.

६) एक विश्वासू व्यक्ती : सर्वांना सांगण्याची गरज नाही. तथापि कामाच्या ठिकाणी किमान एका व्यक्तीस कल्पना असावी. वर्षानुवर्षे एकाच डब्यातून प्रवास करणारा गट हा देखील असा आधार ठरू शकतो.

आस्थापनांची जबाबदारी व कायदा :

सर्व भार रुग्णावर टाकणे अन्यायाचे होईल. कामाची वेळ तासाभराने पुढे करणे, मोठे काम टप्प्यांनी मागणे, सूचना लेखी देणे, उपचारांसाठी अर्धा दिवस मोकळा ठेवणे, काही काळ रात्रपाळी टाळणे हे बदल फारसे खर्चिक नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधील मार्गदर्शक तत्त्वांतही अशा सोयींचा व व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणाचा पुरस्कार केला आहे.

२९ मे २०१८ पासून अंमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने उपचार मिळण्याचा आणि आजाराविषयी गोपनीयतेचा हक्क दिला. तसेच विमा कंपन्यांनी मानसिक आजारास शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे, असे बंधन घातले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. प्रत्येक नैराश्य त्याच्या व्याख्येत बसत नाही. परंतु आजार गंभीर असल्यास भेदभावापासून संरक्षण व वाजवी सोयीसुविधा यांची तरतूद लागू होऊ शकते. १७ डिसेंबर २०२१ रोजी केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक दिव्यांगत्वाशी निगडित वर्तनाबद्दलची शिस्तभंगाची कार्यवाही भेदभावकारक ठरविली. मात्र तासिका तत्त्वावरील अध्यापक, कंत्राटी कामगार, घरकामगार स्त्रिया यांच्यापर्यंत अशा तरतुदींचा लाभ क्वचितच पोहोचतो, हे वास्तव नाकारता येत नाही.

कार्यक्षमतेची मर्यादा :

काम चालू आहे म्हणून माणूस बरा आहे, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे होय. अनेक रुग्ण सर्व बळ कार्यालयात खर्च करून घरी कोसळतात. काम अशक्य झाल्यास रजा घेणे हाच उपचाराचा भाग ठरतो. मृत्यूचे किंवा आत्महत्येचे विचार येत असल्यास कामाचा विचार बाजूस ठेवून तत्काळ जवळच्या व्यक्तीस सांगावे व रुग्णालय गाठावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाने सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास निःशुल्क साहाय्य मिळते.

निष्कर्ष :

१) नैराश्यातील अकार्यक्षमता हा स्वभावदोष नसून आजाराचे लक्षण आहे.
२) कामाचा आरंभ हा सर्वांत कठीण टप्पा असल्याने लहान, निश्चित कृतींपासून सुरुवात करणे उपयुक्त ठरते.
३) गोव्यातील अभ्यासानुसार अशी मदत प्रशिक्षित सामान्य व्यक्तीही देऊ शकते, महाविद्यालये, कामगार संघटना व महिला मंडळे यांना हे कार्य करता येण्यासारखे आहे.
४) आस्थापनांनी किरकोळ बदल केल्यास अनुभवी कर्मचारी टिकून राहू शकतो.

समारोप :

नैराश्यासह काम करणाऱ्या व्यक्तीने निरोगी माणसाइतके काम रोज करून दाखवावे, अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे. आज झेपेल तेवढे काम, योग्य उपचार आणि उद्या पुन्हा सुरुवात करण्याची मुभा एवढे मिळाले तरी पुष्कळ साधते. लोकलच्या गर्दीत आपण अनोळखी माणसालाही हात देऊन आत घेतो. तोच हात शेजारच्या मेजावरील सहकाऱ्यास देणे आपणास अवघड वाटू नये.