धान्य निवडणाऱ्या यंत्राचा डोळा

मांडीवर सूप घेऊन बसावयाचे, खडा वेचावयाचा, काळा दाणा बाजूस काढावयाचा, ही डाळ निवडण्याची रीत महाराष्ट्रातील प्रत्येक घरास परिचित आहे. निवडणाऱ्या बाईचे डोळे व बोटे ही या कामाची साधने होत. घरापुरत्या डाळीस ती पुरेशी असतात. परंतु लातूर, अकोला, जळगाव येथील डाळमिलमध्ये दररोज येणाऱ्या मालाचा एकेक दाणा या रीतीने पाहणे अशक्य आहे. हे काम तेथे आता प्रकाशाच्या साहाय्याने दाणे निवडणारे यंत्र करते. बाजारात या यंत्रास सर्रास ‘सॉर्टेक्स’ म्हणतात. वस्तुतः ते मूळच्या लंडनमधील एका उत्पादक कंपनीचे नाव होय. पुढे ते यंत्राचे, आणि त्यातून निघालेल्या मालाचेही नाव होऊन बसले.

शेतकऱ्याचा माल या यंत्रापुढे दोन प्रकारे जातो. एक, व्यापाऱ्यामार्फत मिलमध्ये. त्या वेळी यंत्रात जाणाऱ्या तुटीचा अंदाज धरूनच भाव ठरविला जातो. दुसरा, शेतकरी उत्पादक कंपनी अगर बचत गट भाडे देऊन माल निवडून घेतो, किंवा स्वतःचे यंत्र बसवितो. दोन्ही प्रसंगी हे यंत्र काय पाहते, काय पाहू शकत नाही, आणि चांगला दाणाही का फेकून देते, हे ठाऊक असणे हिताचे आहे.

रेषा-कॅमेरा म्हणजे काय?

या यंत्राचा डोळा म्हणजे लाइन स्कॅन कॅमेरा, अर्थात रेषा-कॅमेरा होय. नेहमीचा कॅमेरा समोरचे संपूर्ण दृश्य एकाच वेळी टिपतो. रेषा-कॅमेरा मात्र दृश्याची केवळ एक बारीक रेषा पाहतो. त्याच्यातील प्रकाशग्राही बिंदू, ज्यांना पिक्सेल म्हणतात, ते एकाच ओळीत बसविलेले असतात.

एका रेषेवरून चित्र कसे तयार होते, हे एका साध्या उदाहरणावरून ध्यानात येईल. बंद दाराच्या उभ्या फटीतून एक मनुष्य रस्त्याकडे पाहत आहे. रस्त्यावरून बैलगाडी जाते. प्रथम त्यास बैलांची शिंगे दिसतात, मग वशिंड, मग जू, मग चाक. कोणत्याही एका क्षणी त्यास संपूर्ण गाडी दिसत नाही. तरी क्रमाने दिसलेले तुकडे मनात जोडून तो गाडी ओळखतो. रेषा-कॅमेरा असेच करतो. वस्तू त्याच्यासमोरून सरकत जाते, तो एकामागून एक रेषा टिपतो, आणि हातमागावर आडव्या धाग्याला धागा लागून कापड तयार व्हावे तसे चित्र तयार होते.

यावरून असे दिसून येईल की, या कॅमेऱ्यास वस्तूची गती आवश्यक आहे. वस्तू थांबली तर तीच रेषा पुनःपुन्हा टिपली जाईल. म्हणूनच जेथे माल अखंड वाहत असतो तेथे त्याचा उपयोग होतो. कागदाच्या गिरणीत कागदावरील छिद्रे, कापडावरील दोष व वाहत्या धान्यातील डागी दाणे तो शोधतो.

कॅमेऱ्याचा इतिहास

प्रकाशाच्या साहाय्याने दाणे निवडणारी यंत्रे या कॅमेऱ्याच्या आधीपासून होती. त्यांत प्रकाशविद्युत् घट बसविलेला असे. तो दाण्याचा सरासरी उजेड मोजी व मागील पार्श्वभूमीशी त्याची तुलना करी. संपूर्ण दाणा काळा असल्यास तो सापडे. पिवळ्या दाण्यावरील लहान काळा ठिपका मात्र सरासरीत लपून जाई.

सन १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी ‘सीसीडी’ या साधनाची कल्पना मांडली. सिलिकॉनच्या लहान चकतीवर पडलेल्या प्रकाशाचे विद्युत्भारात रूपांतर करून तो भार एका बिंदूकडून पुढील बिंदूकडे सरकवीत मोजावयाचा, हे तिचे सूत्र होय. विहिरीवरील बादल्या हातोहात पुढे द्याव्यात, तसा हा प्रकार आहे. या कार्याबद्दल दोघांना सन २००९ च्या पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हे बिंदू एका ओळीत मांडले की रेषा-कॅमेरा तयार होतो. अलीकडे सीसीडीची जागा बहुतांशी ‘सीमॉस’ या जातीच्या संवेदकाने घेतली आहे. परंतु ओळीने पाहण्याचे तत्त्व तेच राहिले आहे.

भारतीय शेतीशी या तत्त्वाचा संबंध जुना आहे. १७ मार्च १९८८ रोजी सोडलेल्या आयआरएस-१ए या भारतीय उपग्रहावर २,०४८ बिंदूंच्या ओळीचे कॅमेरे होते. त्यांपैकी एका कॅमेऱ्याचा प्रत्येक बिंदू जमिनीवरील ७२.५ मीटरचा तुकडा पाही. त्यामुळे एका ओळीत सुमारे १४८ किलोमीटर रुंदीचा पट्टा येई. उपग्रह पुढे सरके व रेषेला रेषा जोडली जाई. आकाशातून शिवार पाहणारा डोळा आणि मिलमध्ये दाणा पाहणारा डोळा हे एकाच कुळातील आहेत.

यंत्राचे कार्य

यंत्राच्या माथ्यावर पाभरीच्या चाड्याप्रमाणे धान्य ओतण्याची पेटी असते. तिच्याखालील ताट सतत थरथरते व दाणे पातळ थराने उतरत्या पन्हळीवर सोडते. पन्हळीवरून घसरताना दाण्यांचा वेग वाढतो व ते सुटे होतात. पन्हळीच्या टोकाशी ते हवेत पडत असताना समोरून व मागून असे कॅमेरे त्यांना पाहतात. कारण डाग एकाच बाजूस असू शकतो.

समजा, पन्हळ ३० सेंटिमीटर रुंद आहे व कॅमेऱ्यात २,०४८ बिंदू आहेत. तर प्रत्येक बिंदूच्या वाट्यास सुमारे ०.१५ मिलिमीटर रुंदी येते. दाणे सेकंदास ३ मीटर वेगाने पडत असतील, तर तितक्याच बारकाईने पाहण्यासाठी कॅमेऱ्यास सेकंदास २०,००० रेषा टिपाव्या लागतात. पाच मिलिमीटरची डाळ समोरून जाते तेवढ्यात तिच्या सुमारे ३३ रेषा टिपल्या जातात. प्रत्येक सेकंदास ४ कोटींहून अधिक बिंदूंचे मोजमाप होते. रंग ओळखण्यासाठी तांबडा, हिरवा व निळा प्रकाश वेगवेगळा मोजल्यास त्याच्या तिप्पट.

संगणक प्रत्येक दाण्याच्या बिंदूंची ठरविलेल्या रंगाशी तुलना करतो. ठराविक संख्येपेक्षा अधिक बिंदू काळपट आढळल्यास तो दाणा त्याज्य ठरतो. कॅमेऱ्याच्या रेषेखाली हवेच्या बारीक नळ्यांची ओळ असते. समजा, ती ९ सेंटिमीटर खाली आहे. दाण्यास तेथे पोहोचण्यास सुमारे ३० सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्या वेळानंतर नेमक्या त्याच नळीची झडप उघडते, दाबाची हवा सुटते व दाणा निराळ्या कप्प्यात उडतो. बाकीचे दाणे सरळ खाली पडतात.

चांगला दाणा का उडतो?

झडप २ सहस्रांश सेकंद उघडी राहिली असे धरले, तर तेवढ्यात दाणे ६ मिलिमीटर खाली येतात. म्हणजे हवेचा झोत त्याज्य दाण्यावर तर पडतोच, शिवाय त्यास चिकटून येणाऱ्या चांगल्या दाण्यावरही पडतो. थर जितका दाट व माल जितका घाणेरडा, तितकी ही हानी अधिक. यास्तव उडविलेला माल पुन्हा एकदा यंत्रातून काढण्याची सोय अनेक यंत्रांत असते.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगाची आहे. ३० सहस्रांश सेकंदांचा हिशेब सर्व दाणे सारख्या वेगाने येतील असे धरून केलेला असतो. दाणा ओलसर असेल, किंवा पन्हळीवर धूळ व तेलकट थर बसला असेल, तर दाणा अडखळतो. वेग दहा टक्क्यांनी घटला तरी तो ३ सहस्रांश सेकंद उशिरा पोहोचतो. तोपर्यंत झडप मिटलेली असते. परिणामी काळा दाणा चांगल्या मालात जातो व त्याच्यापुढे चालणारा निर्दोष दाणा उडतो. म्हणजे कमी वाळविलेल्या डाळीचे नुकसान दुहेरी होते; माल स्वच्छ निघत नाही आणि तूटही वाढते.

प्रकाश व धूळ

कॅमेरा प्रत्येक रेषा एका सेकंदाच्या वीस हजाराव्या भागात टिपतो. एवढ्या अल्प काळात पुरेसा उजेड मिळावा म्हणून प्रखर एलईडी दिवे लावतात. दिव्याचा उजेड अत्यंत स्थिर हवा. आपल्याकडील घरगुती वीज सेकंदास ५० आवर्तनांची असते. तिच्यावर थेट लावलेला दिवा सेकंदास १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्यास हे जाणवत नाही, पण कॅमेऱ्यास दर २०० रेषांनी चित्रात अंधारा पट्टा दिसेल व त्या पट्ट्यातील चांगला दाणाही काळा भासेल. यास्तव या दिव्यांस स्थिर विद्युत्प्रवाह पुरविला जातो.

दिव्यापुढील वा कॅमेऱ्यापुढील काच धुळीने मळल्यासही हाच दोष उद्भवतो. काच वेळोवेळी पुसली पाहिजे. कॉम्प्रेसरमधून येणारी हवा कोरडी व तेलविरहित असावी. अन्यथा झडपा चिकटतात.

या डोळ्यास काय दिसत नाही?

साधा रंग-कॅमेरा केवळ रंग व आकार पाहतो. डाळीच्याच रंगाचा खडा अगर काचेचा तुकडा त्यास चकवू शकतो. त्यासाठी काही यंत्रांत डोळ्यास न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा कॅमेरा जोडतात. त्या प्रकाशात धान्यातील पाणी, तेल व पिष्ट यांचे गुण खड्याहून निराळे दिसतात. ही सोय यंत्रात आहे किंवा नाही, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे.

भुईमुगाच्या बाबतीत अधिक सावध राहणे आवश्यक आहे. सन १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मरण पावले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीत बुरशीपासून तयार झालेले विष आढळले. तेच अफ्लाटॉक्सिन होय. थेट खाण्याच्या शेंगदाण्यासाठी युरोपीय संघाने एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोस ४ मायक्रोग्रॅम, म्हणजे शंभर कोटी भागांत ४ भाग, अशी ठेवली आहे. यंत्र काळवंडलेले व सुरकुतलेले दाणे काढते, त्यामुळे विषाचे प्रमाण घटते. परंतु वरून निर्दोष दिसणाऱ्या दाण्यातही विष असू शकते व ते रंगावरून कळत नाही. म्हणून यंत्रातून निघालेला माल विषमुक्त आहे असे समजू नये. प्रयोगशाळेतील तपासणी करावीच लागते. खरा उपाय शेतातच आहे. शेंगा काढणीनंतर त्वरित वाळवून त्यांतील ओलावा ८ टक्क्यांपर्यंत आणावा व त्या ओल्या जमिनीवर ढीग करून ठेवू नयेत.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

(१) माल नीट वाळवून, चाळून, खडा-माती काढून व आकाराप्रमाणे प्रतवारी करूनच रंग-निवडीच्या यंत्राकडे न्यावा. हे यंत्र चाळणीचे काम करण्यासाठी नाही.

(२) सर्व माल देण्यापूर्वी थोड्या मालाची चाचणी घ्यावी. चांगला व उडविलेला असे दोन्ही ढीग स्वतंत्र तोलावेत.

(३) उडविलेल्या ढिगातून १०० ग्रॅम नमुना घेऊन हाताने निवडावा. समजा, १ क्विंटल मालातून ६ किलो उडाला व नमुन्यात ४० ग्रॅम चांगला दाणा निघाला, तर २.४ किलो चांगला माल वाया जात आहे. असे आढळल्यास थर पातळ करण्यास, संवेदनक्षमता बदलण्यास किंवा उडविलेला माल पुन्हा फिरविण्यास सांगावे.

(४) चांगल्या ढिगातूनही तेवढाच नमुना पाहावा. त्यात काळा दाणा फार असल्यास प्रथम काच, पन्हळ व मालाचा ओलावा तपासावा.

(५) भाड्याने माल निवडून घेताना उडविलेला माल कोणाचा, हे आधी ठरवून घ्यावे. तो मालकास परत मिळाला पाहिजे. कुजका व बुरशीचा भाग वेगळा काढून नष्ट करावा. जनावरांस घालू नये.

(६) गटाने यंत्र घेताना केवळ यंत्राची किंमत पाहू नये. कॉम्प्रेसर, त्याची वीज, धूळ काढण्याची व्यवस्था व सुटे भाग यांचाही खर्च धरावा आणि वर्षातून किती दिवस माल मिळेल याचा विचार करावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामाच्या आरंभी एखाद्या मिलमध्ये शेतकऱ्यांचा गट नेऊन ही चाचणी प्रत्यक्ष करून दाखवावी. उडविलेल्या ढिगात स्वतःच्या शेतातील चांगला दाणा पाहिलेला शेतकरी पुढील वर्षी माल वाळविण्यात हयगय करणार नाही. यंत्राचा डोळा कितीही तीक्ष्ण असला तरी तो केवळ निवड करतो. माल चांगला करण्याचे काम शेतात व खळ्यावरच व्हावयाचे असते.