खुब्याच्या वाटीचा कोन: एक्स-रे काय सांगतो

शिरूरहून नगर रस्त्याने किंवा दौंडहून रेल्वेने पुण्याला जाऊन खुबा बदलून आलेले पेशंट पुढचे एक्स-रे बरेचदा गावाजवळच काढून घेतात. मागच्या रिपोर्टात वाटीचा कल ४० अंश, आता ४४; लगेच घरात धास्ती बसते की वाटी सरकली. एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. हा कल मोजतात तो दोन्ही बैठकीच्या हाडांच्या खालच्या टोकांना जोडणाऱ्या रेषेपासून, आणि रेषा हाताने मारताना दोन-चार अंशांचा फरक सहज पडतो. वाटी पुढच्या बाजूला किती उघडते, तो दुसरा कोन तर याहून फसवा. एक्स-रे ही गोल वाटीची सपाट सावली असते. किरणांचा मध्य दोन्ही खुब्यांच्या मधोमध धरला की एकाच खुब्यावर, पेशंट झोपलेला होता की उभा, यावर ती बदलते. कमरेचा सांगाडा १० अंशांनी कलला, तर हा कोन साधारण ७ अंशांनी वेगळा दिसतो, आणि वाटी मात्र जागची हललेली नसते. खिडकीच्या उजेडात धरलेल्या फिल्मचा तिरका फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तर त्यावर मापाचा भरवसाच राहत नाही.

दुसरा समज उलट टोकाचा: कोन ‘सुरक्षित पट्ट्यात’ आहे, म्हणजे सांधा निखळणार नाही. हा पट्टा १९७८ साली लेविनेक आणि सहकाऱ्यांनी सुचवला: कल ३० ते ५०, पुढचा कोन ५ ते २५ अंश. पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अभ्यासात निखळलेल्या २०६ खुब्यांपैकी ५८ टक्के याच पट्ट्यात होते. कारण माणूस एक्स-रेच्या टेबलावर जगत नाही. उठता-बसता कमरेचा सांगाडा कलतो आणि वाटीची दिशाही त्याच्याबरोबर बदलते. मणका ताठ असेल तर हा कल नीट होत नाही. आपल्याकडे जमिनीवर बसणं-उठणं रोजचं, तेव्हा मणक्याचा विचार वगळून नुसता अंश पाहणं मला अपुरं वाटतं.

मग प्रत्येकाचा सीटी स्कॅनच का करू नये? कोन मोजायला तो जास्त अचूक आहे, हे खरं. पण त्यात किरणोत्सर्ग आणि खर्च दोन्ही जास्त, आणि दुखत नसलेल्या, नीट चालणाऱ्या पेशंटला त्यातून फारसं काही मिळत नाही. सांधा वारंवार निखळत असेल किंवा पुन्हा ऑपरेशनचा विचार असेल, तेव्हा तो जरूर करावा. एरवी उपयोगी पडते ती तुलना: ऑपरेशननंतरची पहिली फिल्म आणि आजची, दोन्ही एकाच पद्धतीने काढलेल्या. फिल्मवर सगळं थोडं मोठं दिसतं, पण कृत्रिम गोळ्याचा व्यास, २८, ३२ किंवा ३६ मिलिमीटर, ठाऊक असला की तीच मोजपट्टी होते. तो आकडा इम्प्लांटच्या स्टिकरवर असतो. म्हणून स्टिकर लावलेला डिस्चार्ज कागद आणि पहिल्या एक्स-रेची सीडी जपून ठेवावी, आणि तपासणीला जाताना दोन्ही बरोबर न्यावं.