शास्त्रीय नांवांतील वाळू

वनस्पतींचीं व प्राण्यांचीं शास्त्रीय नांवें हीं विद्वानांनीं विद्वानांकरितां केलेलीं असून शेतकऱ्यास त्यांचा कांहीं उपयोग नाहीं, असा समज आपल्यांत बराच रूढ आहे. तीं नांवें परकीय भाषेंतील व उच्चारास अवघड असल्यामुळें पत्रिकेंत आढळलीं तरी आपण तीं ओलांडून पुढें वाचतों. परंतु थोडें लक्ष दिल्यास असें दिसून येईल कीं, असें नांव म्हणजे त्या जीवाचा एक लहानसा उताराच होय. त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग कुळाचा व दुसरा त्या विशिष्ट जातीचा. स्वीडन देशचे पंडित लिनीअस यांनीं ही पद्धत वनस्पतींकरितां १७५३ सालीं व प्राण्यांकरितां १७५८ सालीं पक्की केली. या नांवांत कधीं रंग सांगितलेला असतो, कधीं आकार, तर कधीं राहण्याचें ठिकाण. ज्यांच्या उताऱ्यावर ‘वाळू’ हें ठिकाण लिहिलेलें आहे, अशा कांहीं जीवांची ओळख वाचकांस करून देण्याचा येथें विचार आहे. कारण त्यांपैकीं कांहीं आपली जमीन राखणारे आहेत, तर एक आपलें पीक खाणारा आहे.

प्रथम शब्द पाहूं. लॅटिन भाषेंत वाळूस ‘अरेना’ म्हणतात. प्राचीन रोमन लोक आखाड्यांत रक्त शोषून घेण्यासाठीं वाळू पसरीत, म्हणून इंग्रजींत आखाड्यास ‘अरीना’ हें नांव पडलें. ‘अरेनारिया’ किंवा ‘अरेनारियस’ म्हणजे वाळूंतील, आणि ‘अरेनिकोला’ म्हणजे वाळूंत वस्ती करणारा. भरड वाळूस लॅटिनमध्यें ‘सॅब्युलम’ म्हणतात व तिजवरून ‘सॅब्युलोसा’ होतें. ग्रीक भाषेंत वाळूस ‘अम्मोस’ व ‘साम्मोस’ असे दोन शब्द आहेत. ‘अमोफिला’ म्हणजे वाळूची आवड असलेली. एवढे चार शब्द ध्यानांत ठेवले म्हणजे पुष्कळ नांवें आपोआप उलगडतात.

यूरोपच्या पश्चिम किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्यांवर एक उंच व राठ गवत उगवतें. इंग्रजींत त्यास ‘मॅरम’ म्हणतात. त्याचें दीर्घकाळ चालत आलेलें शास्त्रीय नांव ‘अमोफिला अरेनारिया’, म्हणजे वाळूची आवड असलेली व वाळूंतीलच. एका नांवांत वाळू दोनदां आली आहे, आणि ती उगीच आलेली नाहीं. इतर बहुतेक झाडें वाळूखालीं गाडलीं गेलीं म्हणजे मरतात. हें गवत मात्र अधिक जोमानें वाढतें. वर्षास सुमारें एक मीटरपर्यंत वाळू अंगावर आली तरी त्याचे फुटवे तींतून वर निघतात, व मुळांच्या जाळ्यांत ती वाळू जखडली जाते.

असें गवत उपटल्यास काय होतें, याचा दाखला स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील कल्बिन येथें मिळतो. तेथील जहागिरीची जमीन पिकाऊ होती. आसपासचे लोक टेकड्यांवरील गवत व झुडपें उपटून नेत. वाळू हळूहळू सरकत आली, आणि १६९४ सालच्या वादळांत ती शेतांवर व घरांवर पसरली. पुढच्याच वर्षीं, १६९५ सालीं, स्कॉटलंडच्या पार्लमेंटानें वाळूच्या टेकड्यांवरील गवत व झुडपें उपटण्यास कायद्यानें मनाई केली. मनाई आली, पण जमीन परत आली नाहीं. सव्वादोनशें वर्षें लोटल्यावर, १९२० नंतरच्या काळांत, सरकारी वनखात्यानें वाळूवर फांद्या अंथरून पाइनचीं झाडें लाविलीं, तेव्हां ती वाळू स्थिर झाली. आज तेथें जंगल आहे, शेत नाहीं.

या गवताच्या नांवाचा इतिहासही बोधप्रद आहे. लिनीअस यांनीं १७५३ सालीं त्यास ‘अरुंडो अरेनारिया’ म्हटलें. पुढें तें ‘अमोफिला’ कुळांत गेलें. आतां पुष्कळ वनस्पतिशास्त्रज्ञ त्यास ‘कॅलामॅग्रॉस्टिस’ कुळांत घालतात. फेरफार होऊन खातें बदललें, परंतु ‘अरेनारिया’ ही मूळची नोंद आजतागायत कायम आहे. तेव्हां जुन्या व नव्या पुस्तकांत नांवें निरनिराळीं दिसल्यास गोंधळून न जातां नांवाच्या दुसऱ्या भागाकडे पाहावें.

हें वाचून कोणी मॅरम गवत आपल्याकडे आणण्याचा विचार मात्र करूं नये. तें थंड हवेचें आहे. शिवाय अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकांत तें लाविलें गेलें, आणि तेथील मूळच्या वनस्पतींस त्यानें इतकें दडपलें कीं, आतां कित्येक ठिकाणीं खर्च करून तें काढावें लागत आहे. आपल्या किनाऱ्यावर हें काम करणाऱ्या वनस्पती मूळच्याच आहेत. भारताच्या वालुकामय किनाऱ्यावर नागरमोथ्याच्या कुळांतील ‘सायपेरस अरेनारियस’ आढळतो. त्याच्या नांवांत वाळू आहेच. कोंकणांतील मर्यादवेलीचें शास्त्रीय नांव ‘आयपोमिया पेस-काप्री’, म्हणजे बकरीच्या खुरासारख्या पानाची. येथें नांवांत वाळू नाहीं, पण कामांत आहे; आणि आपल्या पूर्वजांनीं दिलेलें ‘मर्यादवेल’ हें नांव तर शास्त्रीय नांवाहून अधिक सांगून जातें. समुद्राची मर्यादा जेथें संपते व जमिनीची जेथें सुरू होते, तेथें ती पसरते. महसुली दप्तरांत वाळू हें गौण खनिज असून ती ब्रासांत मोजली जाते. परंतु वेलीनें बांधून धरलेली वाळू मागील नारळीच्या बागेस व भातखाचरास किती वर्षें वाचविते, याची नोंद कोणत्याच रकान्यांत होत नाहीं. किनारा नियमन अधिसूचनेंत वाळूच्या टेकड्या संरक्षणाच्या पहिल्या वर्गांत घातलेल्या आहेत, हें किनाऱ्यालगतच्या खातेदारांनीं लक्षांत ठेवावें.

‘अमोफिला’ हें नांव गवताप्रमाणें एका कीटकालाही आहे. वनस्पतींचे व प्राण्यांचे नामकरणाचे नियम वेगळे असल्यामुळें असें होऊं शकतें. ही सडपातळ कंबरेची गांधीलमाशी असून आपल्या घराच्या भिंतीस मातीचें घर करणाऱ्या कुंभारणीची ती भाऊबंद आहे. यूरोपांतील तिची प्रसिद्ध जात ‘अमोफिला सॅब्युलोसा’; या कुळांतील इतर जाती भारतांतही आहेत. मादी उघड्या, भुसभुशीत जमिनींत बीळ करते, पिकावरील किंवा गवतावरील अळीस नांगी मारून निश्चल करते, तिला बिळांत ओढून नेते, तिच्यावर अंडें घालते व तोंड बुजवून टाकते. अमेरिकेंतील पेकहॅम दांपत्यानें १८९८ सालीं असें नमूद केलें आहे कीं, या कुळांतील एका मादीनें तोंडांत खडा धरून बिळावरील माती ठोकून बसविली. बांधावरील उघड्या मातींत अशीं बिळें दिसल्यास तीं मोडूं नयेत, व तेथें विषारी फवारा मारूं नये. आपल्या अळ्या फुकट वेंचणारा मजूर तेथें राहत असतो.

आतां ज्याच्यापासून सावध राहावयाचें, त्याच्याकडे वळूं. ‘मेलॉइडोगायनी अरेनारिया’ हा मुळांवर गांठी करणारा सूत्रकृमि आहे. नील यांनीं १८८९ सालीं अमेरिकेच्या फ्लोरिडा प्रांतांतील पिकांवरून त्याचें वर्णन करून त्यास ‘अरेनारिया’ हें नांव दिलें. १९४९ सालीं चिटवुड यांनीं त्यास हल्लींच्या कुळांत घातलें. भुईमूग हें त्याचें आवडतें भक्ष्य. हलक्या, रेताड जमिनींत कणांमधील पोकळ्या मोठ्या असल्यामुळें त्याचीं सूक्ष्म पिल्लें ओलींतून सहज फिरतात व कोंवळ्या मुळांत शिरतात. मादी मुळांतच फुगून राहते व शेंकडों अंडीं घालते. शेतांत ठिगळाठिगळानें झाडें खुजीं व पिंवळीं दिसूं लागतात, पाणी असूनही दुपारीं माना टाकतात, आणि मुळांवर, आऱ्यांवर व शेंगांवरही गांठी येतात.

येथें एक गोष्ट प्रत्येक भुईमूग करणाऱ्यानें शिकून ठेवावी. भुईमुगाच्या मुळांवर नत्र सांठविणाऱ्या जीवाणूंच्या गांठीही असतात, व त्या हितकारक आहेत. त्या मुळाच्या बाजूस चिकटलेल्या असतात, बोटानें सहज सुटतात, आणि फोडल्यास आंत बहुधा तांबूस दिसतात. सूत्रकृमीची गांठ म्हणजे मूळच सुजलेलें असतें. ती मूळ तोडल्याशिवाय निघत नाहीं. गांठी पाहून पीक जोमदार आहे असें समजणें व रोगास खतपाणी घालणें, यांत फार अंतर नाहीं. संशय आल्यास रोगट व निरोगी भागांच्या सीमेवरील झाडांचीं मुळें वीतभर खोलींतील ओल्या मातीसह पिशवींत बांधून, उन्हांत न ठेवतां, कृषि विज्ञान केंद्राकडे किंवा कृषि विद्यापीठाकडे तपासणीस न्यावीं. उन्हाळ्यांत खोल नांगरट करून जमीन तापूं द्यावी, व त्याच शेतांत लागोपाठ भुईमूग घेऊं नये. अमेरिकेंत या जातीवर कपाशीच्या फेरपालटाचा उपयोग होतो. परंतु त्याच कुळांतील दुसऱ्या एका जातीचे कांहीं प्रकार कपाशीवरही वाढतात, म्हणून जात कोणती हें कळल्यावरच फेरपालटाचें पीक ठरवावें. नांवाचा दुसरा शब्द येथें प्रत्यक्ष पैशाचा आहे.

तथापि नांवावर सर्वस्वीं विसंबून चालत नाहीं. आपल्या दख्खनच्या काळ्या रानांत, नांगरलेल्या शेतांतून फिरणारा तांबूस शेपटीचा चंडोल सर्वांनीं पाहिला असेल. त्याचें नांव ‘आमोमॅनिस फीनिक्यूरा’, म्हणजे वाळूचें वेड असलेला, तांबड्या शेपटीचा. त्याचे भाऊबंद आफ्रिका व अरबस्तानच्या वाळवंटांत राहतात. कुळाचें नांव त्यांना शोभतें, याला नाहीं. दक्षिण हिंदुस्थानांतील ‘सामोफिलस डॉर्सालिस’ हा सरडा नांवानें वाळूचा प्रेमी, पण राहतो उघड्या खडकांवर.

अनेक वर्षें महसुली नोंदी लिहिण्यांत घालविलेल्या मजसारख्यास यांत नवल वाटत नाहीं. नोंद ही चौकशीची सुरुवात असते, शेवट नव्हे. पीकपाहणीस बांधावर जावेंच लागतें. तेव्हां पत्रिकेंत किंवा तपासणीच्या अहवालांत ‘अरेनारिया’ असा शब्द दिसल्यास शेतकरी बंधूंनीं तो ओलांडूं नये. आपल्या शेतांत हलकी, रेताड पट्टी कोठें आहे हें आठवावें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तेथें जाऊन दोन झाडें मुळांसकट उपटून पाहावीं.