‘इंदूरकर’ : एका विरळ आडनावाचा मागोवा

माझे आजोळ इंदूरकरांचे. हे सांगितले की पुण्यामुंबईकडील गृहस्थ हटकून विचारतात, “म्हणजे होळकरांच्या इंदूरचे का?” माझी आई या प्रश्नाने चिडत असे. “आमचे इंदूर गोदावरीकाठच्या मुलखातले, माळव्याशी आमचा काय संबंध?” असे ती म्हणे. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर मात्र अविश्वास तसाच राही, कारण गोदावरीच्या खोऱ्यात इंदूर नावाचे शहर आज कोणत्याही नकाशावर सापडत नाही. हैदराबादेतील एका मराठी शाळेत मी आयुष्यभर शिकविले आणि अनेक वर्षे शाळेचे जनरल रजिस्टर लिहिण्याचे कामही माझ्याकडे होते. तरीही या आडनावाचा मी कधी गांभीर्याने विचार केला नव्हता. तो करावा लागला मामांच्या पश्चात, एका कागदासाठी. त्या कागदाची हकीकत शेवटी सांगेन, आधी आडनावाची.

आईचे म्हणणे खरे होते. आजचे निजामाबाद म्हणजेच जुने इंदूर. विसाव्या शतकाच्या प्रारंभी, 1905च्या सुमारास, निजामाच्या राज्यात जिल्ह्यांची फेररचना झाली आणि इंदूर जिल्हा निजामाबाद या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच्या थोडे आधी हैदराबादहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग या गावावरून गेला होता. राजदरबारी नाव बदलले, स्थानकावर नव्या नावाची पाटी लागली आणि एका पिढीत जुने नाव कागदावरून नाहीसे झाले. तेलुगू माणसाच्या तोंडी ‘इंदूरु’ अजून ऐकू येते. मराठीत ते टिकले दोनच ठिकाणी. एक, रामदासी परंपरेत. तेथे समर्थशिष्य उद्धवस्वामींच्या मठासंबंधी ‘इंदूर-बोधन’ असा जोड उल्लेख येतो. आणि दुसरे, आडनावात.

तथापि, प्रत्येक इंदूरकर निजामाबादचा, असे मात्र कोणी समजू नये. माळव्यातील इंदूरहून परतलेल्या मराठी कुटुंबांनाही हेच आडनाव लागू शकते. पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाड्यांजवळ इंदोरी आहे, नगर जिल्ह्यात अकोल्याकडे आणखी एक इंदोरी आहे. तेथून ‘इंदोरीकर’, ‘इंदुरीकर’ अशी रूपे निघतात आणि बोलताना, लिहिताना त्यांचा ‘इंदूरकर’ होण्यास फारसा आयास पडत नाही. म्हणजे एकाच नावाचे लोक एकाच मूळ पुरुषाचे वंशज असतात ही समजूत येथे लागू पडत नाही. ‘मुधोळकर’ हे याचेच दुसरे उदाहरण. एक मुधोळ कर्नाटकात, घोरपड्यांच्या जुन्या संस्थानाचे. दुसरे तेलंगणात, बासरजवळ. दोघांचे आडनाव अक्षरशः एक, आणि नात्याचा धागा एकही नाही.

मग घराणे कोणत्या गावचे हे ओळखावे कसे? आमच्याकडे जुनी माणसे यासाठी आडनाव विचारीतच नसत. कुलदैवत कोणते, गोत्र कोणते, शाखा कोणती, मुलाच्या हाती पाटी कोठे दिली, हे विचारीत. माझ्या आजोळी घरातील प्रत्येक मुलाचा अक्षराभ्यास बासरच्या सरस्वतीपुढे झालेला आहे. गोदावरीच्या तीरावरील हे क्षेत्र निजामाबादहून तासाभराच्या वाटेवर आहे. आजोळी देवघरात माहूरची रेणुका आहे आणि तिच्या शेजारी धर्मपुरीचा नरसिंह. माहूर मराठी मुलखाच्या कडेला, धर्मपुरी तेलुगू मुलखात. दोन्ही देवता ज्या घरात एका पाटावर बसतात, ते घर माळव्याचे असण्याचा संभव नाही. आडनाव फसवू शकते, देवघर सहसा फसवीत नाही.

काही वर्षांपूर्वी मी निजामाबादला जाऊन आलो. गावाबाहेरच्या एका खेड्यात आजोबांच्या वडिलांचे घर होते, एवढे ऐकून होतो. तेथे इंदूरकरांचे घर कोणते, असे चौघांना विचारले. कोणालाही सांगता येईना. अखेर एका वृद्ध गृहस्थांनी मलाच उलट प्रश्न केला, “पटवारींचे घर म्हणता का?” आणि त्यांनी पडक्या भिंतीची एक जागा दाखविली. त्या गावात आमची माणसे पिढ्यान् पिढ्या राहिली, पण ‘इंदूरकर’ म्हणून त्यांना तेथे कोणी ओळखीत नव्हते. तेथे ती ‘पटवारी’ होती.

परत येताना गाडीत मला या गोष्टीचा उलगडा झाला. ‘कर’ हा प्रत्यय अमुक ठिकाणचा रहिवासी एवढेच सांगतो. परंतु गावात सगळेच त्या गावचे, तेव्हा तेथे ते सांगण्याची गरज कोणाला? गाव सुटले, परक्या ठिकाणी बिऱ्हाड झाले, की शेजारी विचारतो, “कुठले हो तुम्ही?” आणि दिलेले उत्तर पुढे आडनाव होऊन बसते. मंगेशीहून बाहेर पडलेले दीनानाथ मंगेशकर झाले. डॉ. बाबासाहेबांचे घराणे सकपाळांचे, गाव आंबडवे; शाळेच्या दप्तरात ‘आंबडवेकर’ अशी नोंद झाली ती गाव दूर राहिल्यावरच. म्हणून एखाद्या ‘कर’ आडनावाची माणसे मोजावयाची असतील तर त्या गावात जाण्यात अर्थ नसतो. ती अन्यत्रच सापडावयाची. बोधनकर बोधनमध्ये शोधू नयेत.

आता, तेलुगू मुलखात ही मराठी घरे पोहोचली कशी? याचे उत्तर महसुलात आहे. बहामनी काळापासून दख्खनच्या राज्यांतून जमाखर्चाचे व जमिनीच्या मोजणीचे काम ज्या लेखनिकवर्गाकडे आले, त्यात मराठी देशस्थांचा भरणा मोठा होता. मोडी लिपी, पिढीजात हिशेब आणि वतन या तीन गोष्टींवर कुलकर्णी, देशपांडे ही मंडळी गोदावरीच्या दोन्ही काठांनी पसरली. हैदराबादेत तर दफ्तर-ए-दिवाणी हे थोर खाते रायरायान घराण्याकडे, म्हणजे मराठी देशस्थांकडेच वंशपरंपरेने होते. वतनाची नावे मात्र भाषेचे बंधन पाळीत नाहीत. तेलंगणात ‘देशमुख’ म्हटले की मराठी मराठा डोळ्यांपुढे येत नाही, तेलुगू रेड्डी जमीनदार येतो. 1946 नंतरच्या सशस्त्र लढ्यात ज्या देशमुखांविरुद्ध शेतकरी उठले ते बहुतेक तेलुगूच होते. म्हणून हैदराबादेत केवळ आडनाव ऐकून कोणाशी मराठीत बोलावयास आरंभ करू नये, हा स्वानुभव आहे.

असे हे इंदूरकर लोहमार्ग झाल्यावर हैदराबादेस आले, आणि येथे त्यांच्या आडनावास नवीच अडचण उत्पन्न झाली. निजामाच्या राज्यात 1884च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही दरबाराची भाषा झाली. त्या कागदांत माणसाची ओळख ‘अमुकराव वल्द तमुकराव’ अशी लिहिली जाई. स्वतःचे नाव आणि बापाचे नाव, इतकेच. आडनावास त्यात ठरलेली जागा नव्हती. कोणी आग्रहाने ते घातलेच, तर लिपी आड येई. उर्दूत ‘वाव’ हे एकच अक्षर ऊ आणि ओ या दोहोंचे काम करते. इंदूरकर, इंदोरकर, दोघेही कागदावर सारखेच. वाचणारा आपल्या माहितीप्रमाणे उच्चार करी, आणि निजामाचे इंदूर विस्मरणात गेल्यावर सर्वांच्या माहितीचे इंदोर एकच उरले होते. माळव्याचा गैरसमज पुण्यात जन्मला असे आईस वाटे. माझ्या मते तो हैदराबादच्या कचेऱ्यांतच जन्मला.

उर्दूचा काळ संपला, तेव्हा तेलुगू आणि इंग्रजी पद्धत आली. तेलुगूत घराण्याचे नाव, ज्यास ‘इंटिपेरु’ म्हणतात, आरंभी येते आणि व्यवहारात त्याचे एक आद्याक्षर उरते. तेथेही गावाची नावे घराण्यास लागतात, परंतु प्रत्ययाविना. हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्णराव यांच्या घराण्याचे मूळ नाव पुल्लमराजू. बुर्गुल हे त्यांचे गाव. मराठी माणसांनीही शेजाऱ्यांची ही रीत उचलली. इतिहासकार सेतुमाधवराव पगडी (1910–1994) हे निलंग्याचे, हैदराबादच्या मुलकी सेवेतील. मराठी वाचकांना ते ‘पगडी’ म्हणून परिचित; पण अठराव्या शतकातील दख्खनवरील त्यांच्या 1963च्या इंग्रजी ग्रंथावर लेखकाचे नाव पी. सेतुमाधवराव असे आहे. ‘पगडी’ सारखे दुर्मीळ, लक्षात राहणारे आडनाव, आणि त्याचे उरले ते ‘पी’.

याहूनही बोलके उदाहरण कोरटकरांचे आहे. केशवराव कोरटकर (1867–1932) हे हैदराबादच्या सार्वजनिक जीवनाचे एक आधारस्तंभ. वकील, पुढे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. 1907 साली स्थापन झालेल्या विवेकवर्धिनी शाळेच्या संस्थापकांत ते अग्रणी. शहर त्यांना ‘जस्टिस केशवराव’ म्हणून ओळखी. त्यांचे पुत्र विनायकराव हरिद्वारच्या गुरुकुल कांगडीचे स्नातक. तेथील ‘विद्यालंकार’ ही पदवीच त्यांनी नावापुढे लावली आणि हैदराबाद राज्याचे अर्थमंत्री, नंतर 1957 साली लोकसभेचे सदस्य झालेले हे गृहस्थ विनायकराव विद्यालंकार म्हणून ओळखले गेले. वडिलांच्या स्मरणार्थ 1940 साली नारायणगुड्यात शाळा उभी राहिली, तिचे नाव ‘केशव मेमोरियल’. पित्याच्या नावात आडनाव बोलले जात नव्हते, पुत्राने पदवी घेतली, आणि संस्थेने पहिले नाव घेतले. घराणे खुंटले नाही, कीर्ती कमी झाली नाही; तरी ‘कोरटकर’ हा शब्द या शहराच्या नित्य उच्चारातून नाहीसा होत गेला. आडनाव विरळ होते ते नेहमी माणसे कमी झाल्यामुळेच, असे नाही.

इंदूरकर आज किती, याचे उत्तर शिरगणतीत मिळत नाही, कारण भारताची जनगणना भाषा मोजते, धर्म मोजते, आडनावे प्रसिद्ध करीत नाही. 1951 साली हैदराबाद राज्याची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 86 लाख होती आणि तीत मराठी भाषक साधारण एक चतुर्थांश होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य तीन तुकड्यांत विभागले गेले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. सीमेवर तर एकेक मंडळ वेचून इकडचे तिकडे झाले. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा, कुबीर ही मंडळे आदिलाबादेस जोडली गेली. देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल निजामाबादेस. ज्यांना मराठीत नोकरी करावयाची होती ते त्या वेळी औरंगाबाद, नांदेड, पुणे येथे गेले. माझ्या आजोळची तीन घरे होती. दोन तेव्हा गेली. तेथे गेल्यावर आडनाव पूर्ण लिहिण्याची चाल मिळाली, त्यामुळे ती घरे ठळकपणे इंदूरकर राहिली. मागे राहिलेले मामांचे घर मात्र ‘आय.’ झाले.

आता तो कागद. मामा 1944 साली निजाम सरकारच्या नोकरीस लागले. त्यांच्या सेवापुस्तकात नाव आणि वल्दियत, एवढेच. पुढे घर घेतले, त्याच्या खरेदीखतात मात्र त्यांनी हौसेने ‘इंदूरकर’ असे पूर्ण लिहविले. निवृत्तिवेतनाच्या कागदावर आद्याक्षर आले, तेही कोणा लेखनिकाने ‘ई’ असे टंकलेले. मामी गेल्यावर मामेभावाला घर आपल्या नावे करून घ्यावयाचे होते. संबंधित कचेरीचे म्हणणे असे की ही तीन माणसे आहेत. ती एकच असल्याचा पुरावा आणा. दोन वर्षे तो शपथपत्रे देत राहिला. एके दिवशी तो मला म्हणाला, “दादा, मी माझ्या बापाचा मुलगा आहे, हे मला कुणी लिहून देईल का?” मला त्यावर काही बोलता आले नाही.

मग मला आठवले की मामा आमच्याच शाळेचे विद्यार्थी. मुख्याध्यापकांच्या अनुमतीने जुन्या कपाटातील रजिस्टरे काढली. पाने पिवळी पडून कडांना तुटत होती. तीन दिवसांनी 1930च्या दशकातील एका पानावर मामा सापडले. आमच्या शाळेच्या रजिस्टरात आडनावाचा रकाना पहिल्यापासून स्वतंत्र आहे. देवनागरीत, टाकाच्या वळणदार अक्षरात, नाव, वडिलांचे नाव आणि ‘इंदूरकर’ असे सलग लिहिलेले होते. त्या उताऱ्याची प्रमाणित प्रत दिल्यावर कचेरीने तिन्ही नावे एकाच इसमाची म्हणून मान्य केली.

प्रत करून घेताना मी ती ओळ पुन्हा वाचली. आडनावाच्या रकान्यात इंदूर होते. आणि त्याच ओळीत, चार रकाने पलीकडे, जन्मस्थान म्हणून लिहिले होते – निजामाबाद.